विहिणीचं ताट

मला माझी सासू आवडत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवणार नाही. लातूरला आम्ही एकाच घरात राहतो, एकाच स्वयंपाकघरात वावरतो, तिच्या गुडघ्यांना तेल मीच लावते, आणि तरी तिच्याबद्दल मनात जे बसलंय ते काही केल्या निघत नाही. लोक म्हणतात, जाऊ द्या हो, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. म्हातारी झाली म्हणून ती तशी झालेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आज मी आहे तेवढ्याच वयाची होती, आणि तेव्हाही अशीच होती.

माझं माहेर मुखेड तालुक्यातलं. शेतकरी मराठ्याचं घर, रविवारी मटण खाणारं. सासर लिंगायत, कापडाचं दुकान असलेलं, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. नांदेडला बी.एड. करताना नवरा माझ्या वर्गात होता. पुढं त्यानं मास्तरकी केली नाही, बापाचं दुकान धरलं. मी मात्र शाळेत लागले. लग्नाला दोन्हीकडून विरोध झाला, तो यथावकाश थंडही झाला. सासूनं एकच अट घातली होती. "घरात नको अन् अंगातबी नको. तुमच्यात चालतं, आमच्यात चालत न्हाई." मी कबूल केलं आणि पाळलं. माहेरी गेले तरी मी मटणाच्या पातेल्याकडं फिरकले नाही. माय रस्सा वाढायला आली की मी भाकरीवर शेंगाची चटणी घ्यायची. त्याचं मला दुःख नव्हतं. आपल्या माणसासाठी माणूस एवढं तेवढं सोडतोच.

शिवाय खाण्याचे नेम मला कुणी शिकवायला नको होते. आमच्या घरीही ते कमी नव्हते. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, श्रावण पूर्ण बंद. मटण शिजायचं ते अंगणातल्या लिंबाखाली, वेगळ्या चुलीवर, आणि शिजवायचं बाप्यांनी. त्याची पातेली घरात यायची नाहीत, तिथंच कोपऱ्यात पालथी पडायची. ज्या दिवशी ते खाल्लं त्या दिवशी माय देवाला हात लावायची नाही. आमचे लोक धुतल्या तांदळासारखे होते असंही मी म्हणत नाही. गावात कुणाला ओसरीच्या खाली बसवून वाढायचे, ते मी लहानपणी पाहिलंय आणि आमच्याच ओसरीवर पाहिलंय. त्यामुळं ताटातल्या अन्नावरून माणसाला कसं खाली बसवतात ते मला चांगलं कळतं.

आता सासूच्या घरचा नेम सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आहे. जेवायच्या आधी ती त्याची पूजा करते, कपाळाला विभूती लावते, मग ताटावर बसते. ताटात आलं ते अन्न नव्हे, प्रसाद. त्यातलं शीत टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घ्यायचं, बोटानं ताट निपटून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शहारा आला होता. नंतर आवडलं. खरंच आवडलं. कण वाया जात नाही, कुणाचं उष्टं कुणी उचलत नाही. मी स्वतःही धुऊन प्यायला लागले. शाळेत डबा खाल्ला तरी धुऊन प्यायचे, आणि बाकीच्या बाया माझ्याकडं बघून तोंडं वेंगाडायच्या.

तर लग्नानंतर आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा लातूरला आले. मुखेडहून एसटीनं आले. खांद्यावर तुरीच्या डाळीचं ठिकं, हातात ओल्या हरभऱ्याच्या ढाळ्याची पेंडी. अंगात इस्त्रीचा सदरा आणि खिशात नवी दस्ती. आबा तोंडानं लई चालू माणूस. गावात ते असले की चार माणसं हसत असायची. पण त्या दिवशी सोफ्याच्या कडेवर पाय जवळ घेऊन बसले आणि विचारलं तेवढंच बोलले. सासूनं जेवायला चांगलं केलं होतं, ते नाकारत नाही. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, वर तूप, वांग्याची भाजी, भाकरी, कढी. आबा मनापासून जेवले. ताटात काही ठेवलं नाही. आणि जेवण झाल्यावर त्यांनी तेच केलं जे त्यांच्या बापानं केलं, आजानं केलं, आमच्या शिवारातला प्रत्येक माणूस करतो. गिलासातलं पाणी ताटात ओतलं आणि ताटात हात धुतला.

चांगला खळखळून धुतला. तूप लागलेली बोटं एकमेकांवर चोळली, नखात अडकलेलं काढलं. आमच्याकडं जेवलेल्या ताटात हात धुणं म्हणजे पोट भरलं, तुमच्या घरचं पुरलं, असं सांगणं असतं. मी कढीचं पातेलं घेऊन उभी होते. नवरा समोर जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला.

सासू अगदी गोड आवाजात म्हणाली, "पाव्हणे, आमच्यात ते सांडत न्हाईत. ताट धुतलं की पितात."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग ताटाकडं. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं त्या पाण्यात अजून होती. मी म्हणाले, "आबा, ठेवा ते, मी उचलते." पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी त्या घरात नवी होते. आपण काही चुकलो तर पोरीला ऐकावं लागेल, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार. त्यांनी दोन्ही हातांनी ताट उचललं आणि ते पाणी पिऊन टाकलं. सगळं. मग दस्तीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "हुग्गी लई झकास झाली होती."

सासू म्हणाली, "घ्या की अजून."

नवऱ्यानं हातातला घास तोंडात घातला. माझा नवरा वाईट माणूस नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की आता मला त्याचाच राग येतो. वाईट नाही, पण आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करणारा माणूस घरात आईच्या एका वाक्याला उत्तर देऊ शकत नाही.

आबांना सोडायला मी बसस्टँडवर गेले. मला रडू आवरत नव्हतं. तेच मला समजावत होते. "अगं येडे, काय झालं? ताट माझं, हात माझा. दुसऱ्याचं थोडंच पिलो?" मी म्हणाले, मी आत्ता जाऊन विचारते तिला. तर म्हणाले, "न्हाई. तुला तिथं ऱ्हायचंय." बस लागली तेव्हा उठता उठता म्हणाले, "मी त्यांच्यात जेवलो. आता त्यांनी एक डाव आपल्यात जेवलं की झालं. फिटलं. मग माझ्या मनात काय ऱ्हात न्हाई."

म्हणजे मनात राहिलं होतं. आबांनी त्यानंतर त्या पाण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही, पण ही एक गोष्ट धरून बसले. विहिणीनं एकदा आपल्या घरी जेवावं.

आमच्याकडं दर सोमवारी जंगम स्वामी येतात, घराण्याचे गुरू. म्हातारे, बोळक्या तोंडाचे, बोलायला मोकळे. एका सोमवारी मी त्यांना शिधा देताना सरळ विचारलं, की स्वामी, परजातीचा पाहुणा जेवला आणि त्यानं ताटात हात धुतला तर त्यानं ते प्यायला पाहिजे का? ते हसायला लागले. "लिंग ज्याच्या गळ्यात, नेम त्याला. पाव्हण्याला कोण पाजतं बाई? झाडाला ओतायचं अन् विषय संपला." सासू आत देवापुढं बसली होती. तिला ऐकू जाईल असंच मी विचारलं होतं. ती बाहेर आली नाही. मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलायचं झालं की ती नवऱ्याला सांगायची, "तिला म्हणावं दूध उतू चाललंय." मी दुधासमोरच उभी असायचे.

म्हणजे तिला नेम माहीत होता. तोंडून चुकून गेलं, असंही नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं की हा माणूस पितो का. हे मला त्या दिवशी पक्कं कळलं, आणि तेव्हापासून मी ताट धुऊन प्यायचं सोडलं.

इकडं आबांनी वेगळंच काढलं होतं. माहेरी गेले तर अंगणात कोंबड्या नाहीत. मायला विचारलं तर तिनं कपाळावर हात मारला. "तुझ्या बापानं इकल्या. मटन बी बंद केलंय घरात. म्हणतो, इहीनबाई आल्या अन् त्यांच्या नाकाला वास आला तर?" लिंबाखालची चूल मोडून तिथं त्यांनी झेंडू लावला होता. ओसरीपासून परड्यापर्यंत घर सारवून घेतलं होतं. आणि आतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून, मुखेडच्या बाजारातून आणलेली नवी भांडी. एक ताट, दोन वाट्या, तांब्या, गिलास, लहान पातेलं. कंपनीची चिकटपट्टी तशीच. मायला हात लावायची परवानगी नव्हती. "ह्यात कवाच काय शिजलं न्हाई, हे त्यांना दिसलं पायजे," असं आबांचं म्हणणं. पंचवीस माणसांच्या पंगतीत मटणाची नळी फोडून खाणारा माणूस, तो रविवारी दोडक्याची भाजी खाऊन उठत होता. मला ते बघवेना. मी म्हणाले, आबा, ती नाही यायची. ते म्हणाले, "येळवशीला येतील."

हे त्यांनी डोकं लावून शोधलं होतं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागातला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी लातूरची दुकानं बंद असतात, रस्ते ओस पडतात, माणूस न् माणूस कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत दगडांचे पांडव मांडायचे, आंबील शिवारभर शिंपडायची, आणि मग ओल्या दाण्यांची अन् पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, खीर. सगळं शाकाहारी. घर नाही, चूल नाही, भिंतीला वास नाही. वर आभाळ आणि चहूकडं जुंधळा. तिथं जातपात कोण बघतो, असं आबा म्हणायचे. लिंगायतांची येळवस तर आमच्याहून थाटाची. त्या दिवशी जेवायला बोलावलं तर नाही म्हणण्यासारखं काही उरतच नाही.

तिनं उरवलं. एका साली गुडघे, दुसऱ्या साली तिच्या भावाचं बोलावणं, मग सर्दी, मग दुकानाच्या मोजमापाला माणूस येणार. सणाच्या दिवशी दुकानात मोजमाप. आबा दर वर्षी आठवडाभर आधी फोन करायचे, आणि मी फोन तिच्या हातात द्यायची. "होय की पाव्हणे, येऊ की," म्हणायची, आणि फोन ठेवून म्हणायची, "त्यांना नाद लागलाय." नवरा दर वर्षी यायचा, आबांच्या शेजारी मांडी घालून भज्जी ओरपायचा, आंबिलीचे गिलासावर गिलास रिचवायचा. आबा त्याला जुन्याच ताटात वाढायचे. नवं ताट कोपेत झाकून ठेवलेलं असायचं आणि संध्याकाळी परत पेटीत जायचं.

मग एका वर्षी ती आली. जळकोटला तिच्या बहिणीकडं जायचं होतं, आमची गाडी आधी शेताकडं जाऊन परतताना तिला तिथं सोडणार होती, आणि नवऱ्यानं कधी नव्हे ते एक वाक्य उच्चारलं, "आई, तासभर थांबू." ती हो म्हणाली. मी आबांना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "भाकरी कडक लागती का मऊ?"

आम्ही पोचलो तेव्हा आबा बांधावर उभे होते. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी. नाकावर घामाचे थेंब. त्यांनी सासूला हात जोडले, कोपेशेजारी बाजेवर धुतलेली वाकळ अंथरली होती तिथं बसवलं. माय भज्जीच्या भांड्याला पदर गुंडाळून बसली होती, कुणी डोकावू नये म्हणून. पूजा झाली. आबांनी बिंदग्यातली आंबील जुंधळ्यावर शिंपडली. मग पेटीतलं ते ताट काढलं, तांब्यातल्या पाण्यानं सगळ्यांच्या देखत धुतलं, आणि स्वतः वाढलं. भज्जी, त्यावर तेल, उंडे, भाकरी, खिरीची वाटी. बाप्यानं वाढायची आमच्यात पद्धत नाही, पण मायला त्यांनी वाढू दिलं नाही. ताटाच्या काठावर चिकटपट्टीचा अर्धा तुकडा अजून होता.

"इहीनबाई," ते म्हणाले, "नवं हाय. ह्यात दुसरं काय कवाच पडलं न्हाई. घरात बी आता काय होत न्हाई."

सासूनं ताटाकडं बघितलं. खरं सांगते, तिच्या तोंडाला पाणी सुटलं असणार, मायच्या हातची भज्जी आहेच तशी. मग तिनं शेजारची पिशवी ओढली, तीत हात घातला आणि डबा काढला. झाकण उघडलं. दशम्या आणि शेंगाची चटणी.

"माझं मी आणलंय," ती म्हणाली.

आबा ताट धरून उभेच. "एक घास घ्या," ते म्हणाले. "नुसता खिरीचा."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका पाव्हणे. भांडं नवं हाय, पण हात तर तेच की."

हे ती बोलली. माझ्या बापाच्या शेतात, माझ्या बापाच्या वाकळीवर बसून. मी तिच्याकडं बघत राहिले. नवऱ्यानं मान खाली घातली. मायनं भांड्याचा पदर सोडला.

"पाणी तरी," आबा म्हणाले.

"पाणीबी हाय माझं."

तिनं लिंग हातात घेऊन पूजा केली, विभूती लावली, दशम्या खाल्ल्या, डब्यात पाणी ओतून तो बोटानं निपटून धुतला आणि ते पाणी प्याली. तोवर आबा हललेसुद्धा नाहीत. मग ते तिच्या समोर मातीत बसले. तिच्यासाठी वाढलेलं ताट त्यांनी स्वतःच्या मांडीसमोर घेतलं आणि जेवायला लागले. घाई नाही, काही नाही. भज्जी खाल्ली, उंडे खाल्ले, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं वाटी पुसली. मायनं न सांगता तांब्या पुढं केला. आबांनी ताटात पाणी ओतलं आणि हात धुतला. लातूरला धुतला होता तसाच, बोटावर बोट चोळून, खळखळून. मग ताट घेऊन उठले, दोन पावलं गेले आणि ते पाणी जुंधळ्याच्या बुडाला ओतलं.

"इहीनबाई," ते वळून म्हणाले, "आमच्यात हे पिकाला देतात."

तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिनं पिशवी आवरली आणि गाडीकडं निघाली. गाडीत जळकोटपर्यंत मी मागं बसून रडले, आणि मला तितकंच बरंही वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात आबांचा फोन आला. शाळेतून नुकतीच आले होते. इकडचं तिकडचं बोलले, हरभऱ्याचं, मायच्या खोकल्याचं. मग म्हणाले, "कोंबड्या आणल्या परत." मी बरं म्हणाले. "अन् ते झेंडूचं उपटून टाकलं. चूल मांडलीय." आवाज नेहमीचाच होता, हसरा. पण एवढी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट त्यांनी हातातून सोडून दिली होती.

त्या रविवारी मी एकटी मुखेडची बस धरली. लिंबाखाली धूर निघत होता. आबा चुलीपुढं बसून पातेलं हलवत होते, आणि ते पातेलं पेटीतलं होतं, नवं. त्याचं बूड काळंकुट्ट झालं होतं. माय नेहमीप्रमाणं माझ्यासाठी चटणी काढायला आत निघाली. मी म्हणाले, "चटणी नको." तिनं आबांकडं बघितलं. आबा घरात गेले, ते ताट घेऊन आले आणि त्यात वाढलं. कितीतरी वर्षांनी मी घास घेतला. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, नुसतं तिखटानं नाही, पण ते सांगायची गरज पडली नाही. जेवण झाल्यावर मी ताटातच हात धुतला. पाणी आबांनी ओतलं.

संध्याकाळी लातूरला पोचले. सासू टीव्हीपुढं बसली होती. मी चप्पल काढून आत येताना तिनं नाक जरा वर केलं. मला माहीत होतं ती विचारणार.

"काय जेवलीस माहेरी?"

नवरा वर्तमानपत्रामागं होता. ते खाली आलं नाही.

"मटण," मी म्हणाले. "तुमच्यासाठी घेतलेल्या ताटात."